उसनं दार

माझ्या वहिनीने आयुष्यात एकच मोठं खोटं केलं, आणि तेही तोंड न उघडता. तीन दिवस ती खोटीच बाहेर बसली.

आजच्या मुलींना याचा अर्थ सांगावा लागतो. आमच्या घरात महिन्याचे ते तीन दिवस बाईला कुणी शिवत नसे. बंगळूरला चिकपेटेच्या मागे एका वठारात आमचं बिऱ्हाड होतं. मध्ये चौक, भोवती दाटीवाटीने बांधलेल्या खोल्या आणि सगळ्यांना मिळून एक नळ. आमच्या वाट्याला एक खोली आणि तिला चिकटलेलं अंधारं स्वयंपाकघर. बाहेर बसायला बाहेर जागाच कुठे होती? दाराजवळच्या कोपऱ्यात गोणपाट टाकायचं आणि तेवढ्या कोपऱ्याला बाहेर म्हणायचं. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन बाई पुन्हा घरात.

माझी आई, अम्मा म्हणायचो आम्ही तिला, या बाबतीत पंचांगाच्या वरताण होती. नाव पद्मावती. तिशीच्या आत नवरा गेला, पदरात अण्णा आणि मी. मुत्तुगाच्या, म्हणजे पळसाच्या, पानांच्या पत्रावळी लावून आणि लोकांच्या घरी पापड लाटून तिने आम्हाला वाढवलं. तिच्या तोंडून गोड शब्द बाहेर पडायचा तो फक्त देवापुढे, तोही संस्कृतात. माझं आणि तिचं कधी पटलं नाही. लग्न होऊन मी बसवनगुडीत गेले तेव्हा मला रडू आलं नाही म्हणून शेजारणींनी नावं ठेवली होती.

माझा थोरला भाऊ गुंडो, म्हणजे अण्णा, यशवंतपूरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होता. वहिनीचं नाव कमला. होसकोट्याची, आई लहानपणीच गेलेली, बोलायला कमी आणि कामाला वाघ. तिची दोन मुलं गेली. पहिलं जन्माआधीच, दुसरं आठव्या दिवशी. आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे रेशीम रंगवायची भट्टी होती. तिचा धूर आणि वाफ भिंतीतून पाझरायची. पावसाळ्यात उश्यासुद्धा ओल्या लागायच्या. डॉक्टर म्हणाले, कोरड्या, उजेडाच्या जागी राहायला जा. डॉक्टरांना सांगायला काय जातं! पण वहिनीच्या मनात ते कोरलं गेलं. मुलं त्या खोलीने खाल्ली, असंच ती म्हणायची.

अण्णाने यशवंतपुराच्या अलीकडे, नव्या लेआउटमध्ये, एक चिमुकली साइट घेऊन घर बांधायला काढलं ते सत्तावन्न साली. घर बांधलं म्हणायचं, खरं तर गोळा केलं. कौलं कँटोन्मेंटमधल्या पाडलेल्या बंगल्याची. तीन खिडक्या तीन घरच्या, एकीचं तोंड दुसरीला पटत नव्हतं. पुढच्या खोलीत तांबडं सिमेंट अर्ध्यापर्यंत आलं आणि उरलेली जमीन वहिनीने सारवली. स्वयंपाकघराची खिडकी म्हणजे नुसतं भोक. पैसे संपले तिथे घर संपलं. आणि ते संपले नेमके पुढच्या दाराशी. चौकट बसली, दार राहिलं.

"दार दिवाळीच्या बोनसवर," अण्णा म्हणाला. "तोवर गोणपाट लावू."

आमच्या पुरोहितांनी, भीमाचार्यांनी, वास्तुशांतीचा मुहूर्त काढला तो ज्येष्ठाच्या अगदी शेवटाला. पुढे आषाढ, मग चातुर्मास, त्यानंतरही दोघांच्या पत्रिकांना जमेल असा दिवस थेट माघात. अण्णाने ज्येष्ठातलाच धरला. मला वाटलं, सुटली एकदाची वहिनी त्या खोलीतून.

मुहूर्ताला पाच-सहा दिवस असताना ती होमाची भांडी न्यायला माझ्याकडे आली. ताम्हन, पळी, समया मी काढून दिल्या. ती न्हाणीघराच्या पायरीवर बसली आणि समईवर बोट फिरवत राहिली.

"वन्सं," ती म्हणाली, "माझा महिना चुकलाय."

माझ्या तोंडावर हसू आलं असेल, पण तिच्या तोंडाकडे बघून ते तिथेच राहिलं. मग मलाही आठवलं. ज्याची बायको पोटुशी आहे त्याने वास्तू करू नये, नव्या घरात पाऊल घालू नये. दोष लागतो, आणि तो पोटातल्या जीवाला लागतो. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत. किती महिन्यांपर्यंत चालतं, कधीपासून चालत नाही, याचे बारकावे शास्त्रात असतीलही. आमच्या अम्माच्या शास्त्रात बारकावे नव्हते.

"अण्णाला सांग," मी म्हटलं.

"सांगितलं की वास्तू थांबली. मग माघ. म्हणजे बाळंतपण त्याच खोलीत. तिसरं."

"वास्तू न करता नुसतं राहायला जा."

"अत्याबाई येतील?"

अम्मा आली नसती. तिला एकटीला वठारात टाकून अण्णा गेला नसता. दुसरीकडे भाड्याने जायचं तर हातात दमडी नव्हती. मग जे विचारू नये तेच मी विचारलं.

"आणि लपवलंस, आणि काही झालं तर?"

वहिनीने समई खाली ठेवली. "तर ते मी केलेलं असेल, वन्सं. खोलीने नाही. पण खोलीत तर होणारच आहे. दोनदा झालंय."

मी ती उचलून फडक्यात गुंडाळायला घेतली.

"अत्याबाई बोटं मोजायला लागल्यात," ती म्हणाली. "आज संध्याकाळी बसते. मुहूर्ताच्या आत चौथा दिवस होतो."

अशी ती बसली. मी सामान बांधायच्या निमित्ताने मुक्कामाला गेले, कारण तिला एकटीला सोडायचा धीर मला झाला नाही. त्या तीन दिवसांत माझ्या छातीत जी धडधड होती ती मी माझ्या बाळंतपणातही अनुभवली नाही. एका खोलीत तीन बायका, त्यातली एक खोटी बसलेली, एक खोटं माहीत असलेली आणि एक अम्मा. अण्णा कारखान्यातून यायचा, जेवायचा आणि चौकात विड्या ओढत बसायचा. पुरुषांना देव काही दाखवत नाही, म्हणून ते सुखी असतात.

मोठी भीती धुण्याची. बाहेर बसलेल्या बाईने आपलं धुणं वेगळं, नळावर सगळ्यांच्या मागून धुवायचं. धुण्यात काही नसलं तर बायकांच्या नजरेतून सुटत नाही. पहिल्या सकाळी वहिनी बादली घेऊन उठायला लागली तशी अम्मा आतून ओरडली.

"नळावर जाऊ नकोस. रंगाऱ्यांची गर्दी आहे तिथे. लुगडं टाक तिथंच, मी काठीने उचलून भिजवते."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. अम्माने काठीने लुगडं उचललं, बादलीत बुडवलं, वर काढलं, पिळलं आणि मागे वाळत टाकलं. बोलली काही नाही. म्हातारीचे डोळे कमी झालेत, असं मी मनात म्हटलं.

दुपारी अम्माने वहिनीला वरून वाढलं तो भात वाफाळता होता. एरवी बाहेर बसलेलीच्या वाट्याला सकाळचंच यायचं. त्यावर तूपही पडलं. मला वाटलं, घर सोडायच्या आनंदात अम्माचा हात सैल झालाय. दुसऱ्या दिवशी मी ट्रंक ओढत होते, ती हलेना, तेव्हा वहिनी सवयीने उठून हात लावायला पुढे झाली. अम्मा असा काही आवाज लावून ओरडली, "हात लावशील तर बघ, बस तिथं खाली," की चौकातल्या बायका डोकावल्या. वहिनी मटकन बसली. मला अम्माचा भयंकर राग आला. सोवळं सांभाळायचं ते सांभाळ, पण माणसाला असं हाडतुड करायचं कशाला? मी तिला तसं तोंडावर बोललेही.

"तुला काय कळतंय, वसू," अम्मा म्हणाली. "ट्रंक राहू दे. गाडीवाला उचलेल."

चौथ्या दिवशी वहिनी न्हाली. मुहूर्त दोन दिवसांवर आला.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी बैलगाडीतून सामान गेलं आणि मागून घोड्याच्या जटक्यातून आम्ही. भीमाचार्यांनी घरात पाऊल ठेवायच्या आधीच चौकटीकडे बघितलं आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"दार कुठंय?"

"दिवाळीला," अण्णा म्हणाला.

"बिनदाराच्या घरात प्रवेश नाही, गुंडो. शास्त्र आहे. उद्या सूर्योदयाला इथे दार दिसलं पाहिजे."

अण्णा चौकटीकडे बघत राहिला. वहिनी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझं मनगट धरलं ते अजून दुखतंय असं वाटतं. एवढं सगळं करून दारापायी वास्तू राहणार की काय! तेव्हा पलीकडच्या मोकळ्या जागेत दोन म्हशी बांधून राहणारी यल्लव्वा पुढे आली. बेळगावाकडची बाई, मराठी-कानडी दोन्ही एका वाक्यात बोलायची.

"आमच्या गोठ्याचं दार हाय की," ती म्हणाली. "स्वल्प वास येतोय, पण दारच हाय. उद्या सांजच्याला परत द्या, म्हशी भाईर पडत्यात."

भीमाचार्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "सरी. दार हे दार."

तर आमच्या घराची वास्तुशांत झाली ती म्हशींच्या गोठ्याच्या दारावर. सकाळी त्याला हळद-कुंकू लागलं, आंब्याचा टाळा बांधला. मला हसू येत होतं. अम्मा विधवा म्हणून पुढे आली नाही; ती मागच्या दाराबाहेर उभी राहिली. अण्णा आणि वहिनी पाटावर बसले. भीमाचार्यांनी हातावर पाणी घातलं, संकल्प सुरू करायच्या आधी थांबले आणि मान वळवून मागच्या दाराकडे बघत म्हणाले, "पद्मावतीबाई, विचारायचं असतं म्हणून विचारतो. सूनबाईंना काही नाही ना?"

मी वहिनीच्या मागेच बसले होते. तिच्या मानेवर घाम फुटलेला मला दिसला. ती आता बोलेल, अशी माझी खात्री झाली. तिला खोटं बोलायची सवयच नव्हती.

"छे," अम्मा बाहेरून म्हणाली. "परवाच चौथा दिवस झाला तिचा. तीन दिवस मीच राबले. चालू द्या."

भीमाचार्यांनी मान डोलावली आणि पळीतलं पाणी सोडलं. वहिनीने डोळे मिटून घेतले. नंतर ती मला म्हणाली, "त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका देवभोळ्या बाईकडून मी देवासमोर खोटं वदवलं."

मग दूध. नव्या घरात नव्या चुलीवर दूध उतू जावं लागतं. वहिनीने चूल पेटवली, पण त्या भोकाच्या खिडकीतून असा वारा यायला लागला की जाळ भांड्याला टेकेना. दूध ढिम्म. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वहिनी फुंकतेय, डोळ्यांतून पाणी, आणि मला माहीत होतं की ते धुराचं नाही. दूध उतू गेलं नाही तर तिला तो निकालच वाटला असता. एकाएकी खिडकी काळी झाली. जाळ सरळ उभा राहिला. थोड्या वेळाने दूध वर आलं, काठाशी थबकलं आणि पूर्वेच्या बाजूने ओघळलं. मी बाहेर जाऊन बघितलं. अम्मा खिडकीला पाठ लावून, पदर दोन्ही हातांनी ताणून उभी होती.

संध्याकाळी यल्लव्वा दार घेऊन गेली. चौकटीला गोणपाट लागलं. दिवेलागण झाली तशी अम्माने आपली चटई उचलली आणि पुढच्या कट्ट्यावर, उंबऱ्याला लागून, आडवी टाकली.

"हे काय?" अण्णा म्हणाला.

"दार नाही. कुणी राखण करायला नको? भुरट्या चोरांचा भाग आहे हा."

चोरांनी न्यावं असं घरात काय होतं, देव जाणे. पण अम्माशी वाद घालण्यात अर्थ नसतो. दिवसभर ती घरात असे, स्वयंपाक करी, पूजा करी. दिवे लागले की उंबऱ्याबाहेर. कुणाला आत-बाहेर करायचं तर तिला ओलांडून जावं लागे, म्हणून मग मागच्या दाराने ये-जा सुरू झाली.

श्रावणात वहिनीने दिवस गेल्याचं सांगितलं, एक महिना कमी करून. अण्णाला आभाळ ठेंगणं झालं. यल्लव्वा म्हणाली, घराचा गुण. भीमाचार्य म्हणाले, वास्तू प्रसन्न झाली. जो तो घराला शाबासकी देत होता आणि वहिनी एकेक शब्द कडू औषधासारखा गिळत होती. घर मात्र खरंच चांगलं होतं. सकाळचं ऊन थेट स्वयंपाकघरात यायचं. तिने खिडकीला बांबूची तट्टी केली, मागे अळू आणि पालक लावला, खोक्यांच्या फळ्यांची मांडणी केली. कोरड्या उशीवर डोकं टेकलं की पहिले काही दिवस झोपच येत नसे, म्हणायची. मी दर रविवारी बसने जायची. ती एकेक नवी वस्तू दाखवायची आणि दाखवता दाखवता कट्ट्याकडे बघायची.

दिवाळीला बोनस झाला. फणसाच्या लाकडाचं नवं दार बसलं, कडी-कोयंडा लागला. त्या संध्याकाळी आम्ही सगळे वाट बघत होतो. अम्माने दाराला हात लावून बघितला, चांगलं आहे म्हणाली, आणि चटई बाहेर टाकली.

"आता कशाला?" मी विचारलं.

"चातुर्मासाचं व्रत आहे. कार्तिकी एकादशीला सुटेल."

एकादशी झाली. व्रत सुटलं, अम्मा सुटली नाही. बसवनगुडीची कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा, झाली, मी शेंगा घेऊन गेले तेव्हा सकाळच्या धुक्यात ती कट्ट्यावर घोंगडी पांघरून खोकत बसलेली. बंगळूरची मार्गशीर्षातली थंडी हाडांत शिरते. मी तिच्यावर तुटून पडले. "लोक काय म्हणतील, सून सासूला बाहेर निजवते? छातीचं खोकं झालंय तुझं. कुणावर रुसलीयस ते एकदा सांगून टाक."

"बाहेर बरं वाटतं," ती म्हणाली.

वहिनीने मला मागच्या बाजूला ओढलं. पोट आता चांगलं दिसत होतं, पण चेहरा उतरला होता.

"अत्याबाईंना कळलंय," ती म्हणाली. "म्हणून त्या या घरात निजत नाहीत. शास्त्र मोडून घेतलेलं घर, त्यांना ते बाटलेलं वाटतं. आणि तो खोकला बघितलात? दोष लागायलाच हवा होता, तो त्यांना लागतोय. त्यांचं झालं की मग पोटातल्याचं."

"काहीतरीच बोलू नकोस."

"मी आज पाया पडून सगळं सांगते."

मी तिला शपथ घातली. मूल हातात येऊ दे, मग सांग, म्हटलं. मला माझ्या आईचा भरवसा नव्हता. रागाच्या भरात तिच्या तोंडून एखादा शब्द गेला असता तर ही मुलगी तिथेच खचली असती.

माघ लागला. त्या सकाळी मी तिथेच होते. वहिनीला कळा सुरू झाल्या आणि झपाट्याने वाढल्या. अण्णा सायकलवरून जाऊन नर्सबाईंना घेऊन आला. बाई आत शिरल्या शिरल्या त्यांनी विचारलं, "कितवा?"

"आठवा," अण्णा म्हणाला. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

नर्सबाईंनी पिशवी उघडलीच नाही. "आठव्यातलं मी घरी घेणार नाही. जटका आणा, मोठ्या दवाखान्यात चला."

"त्या रस्त्यानं?" यल्लव्वा म्हणाली. "बाई, वाटंतच व्हईल. दगडं किती हायत बघिटलासा?"

"मग जबाबदारी माझी नाही," नर्सबाई म्हणाल्या. अण्णा जटक्यासाठी बाहेर धावला. वहिनीने माझा हात घट्ट धरला आणि ओठ हलवले. सांगायला लागली होती ती, त्या कळांमध्ये, नर्सबाईंच्या आणि सासूच्या देखत. मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं आणि सांग म्हणून ओरडावंसंही वाटलं.

"नऊ भरलेत," उंबऱ्याशी उभी असलेली अम्मा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. अण्णा अंगणातून परत आला. "अम्मा, आषाढात तर—"

"ज्येष्ठातच चुकला होता तिचा महिना. नऊ पुरते भरलेत. गुंडो, जटका नको. यल्लव्वा, पाणी तापव. आणि तुम्ही, बाई, ती पिशवी उघडा."

नर्सबाईंनी अम्माकडे बघितलं, वहिनीला तपासलं आणि पिशवी उघडली. वहिनी मात्र अम्माकडेच बघत राहिली होती, पुढची कळ येईपर्यंत.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मुलगी झाली. लहानखुरी, पण आवाज असा की यल्लव्वाची म्हैस बिचकली. मी बाहेर आले. अम्मा कट्ट्यावर उंबऱ्याला टेकून बसली होती. रडणं ऐकू येत होतं तरी तिने वळून बघितलं नव्हतं.

"मुलगी," मी म्हटलं. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"ती बसली तेव्हाच. बाहेर बसलेली बाई आपला पदर सांभाळते, कुणाला लागू नये म्हणून. ही पोटावर हात ठेवून बसली होती."

"मग भीमाचार्यांना—"

"मग काय सांगायला हवं होतं? त्या खोलीत मी दोन नातवंडं कापडात गुंडाळून दिली आहेत, वसू. तुझ्या वहिनीने दिली नाहीत. मी दिली." तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. तिच्या पाठीला मी किती वर्षांनी हात लावत होते कुणास ठाऊक. "ती बिचारी गप्प बसली होती. अग्नीसमोर खोटं मी बोलले. दोष आहे तो माझा आहे. तो घरात शिरायला आला तर आधी माझ्या अंगावरून जाईल, म्हणून आडवी निजत होते. म्हटलं, मी भेटले की त्याचं भागेल."

आत वहिनी ऐकत होती. दार उघडंच होतं. तिच्या हुंदक्याचा आवाज आला आणि मी काही म्हणायच्या आधी अम्मा मोठ्याने म्हणाली, "ओल्या बाळंतिणीने रडू नये. दूध नासतं."

संध्याकाळी वहिनीने मला पाठवलं. आत निजायला या म्हणावं. अम्मा चटई झटकत होती.

"बारसं होऊ दे," ती म्हणाली.

मला कळलं. दुसरं आठव्या दिवशी गेलं होतं. ते पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. पोरगी जास्त झोपली तरी वहिनी तिच्या नाकाशी बोट धरायची, रडली तरी घाबरायची. आठव्या दिवशी कुणी जेवलं नाही. अम्मा दुपारपासूनच उंबऱ्यावर जाऊन बसली, भिंतीला टेकली नाही की जपाची माळ खाली ठेवली नाही. नवव्या दिवशी सकाळी पोरगी दूध पिऊन वहिनीच्या अंगावर ओकली तेव्हा अण्णा हसता हसता रडायला लागला.

बाराव्या दिवशी बारसं झालं. नाव चंपा ठेवलं. बायका हळद-कुंकू घेऊन गेल्या, घुगऱ्या संपल्या, दिवे लागले. अम्माने कट्ट्यावरची चटई गुंडाळून काखेत मारली आणि आत यायला निघाली, तशी वहिनी आतून लगबगीने आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. घरात पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला करतात तसं.

"हे काय सोंग?" अम्मा म्हणाली. "मी विधवा बाई, आठ महिने या घरात स्वयंपाक करतेय."

"तुम्ही अजून आला नाहीत, अत्याबाई," वहिनी म्हणाली.

तिने तुकडा ओवाळून अंगणात टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, पायांवर तांब्या ओतला. अम्माच्या पायांना थंडीने भेगा पडल्या होत्या. वहिनी वाकून बराच वेळ ते पुसत राहिली. अम्माने तिला थांबवलं नाही. मग उजवा पाय उंबऱ्याच्या आत टाकला, पाळण्यापाशी गेली, चटई पाळण्याखाली पसरली.

"दार लावून घे, कमला," ती म्हणाली. "पोरीला वारा लागतो."

वहिनीने दार लावलं आणि कडी घातली.